बाटलीतली गोचीड

मी एक गोचीड. सध्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत आहे. झाकण घट्ट लावलंय.

कळसाडी गावात उसाच्या बांधावर, गवताच्या शेंड्याला पुढचे पाय पसरून मी कितीतरी दिवस उपाशी बसले होते. मला धड दिसत नाही; श्वास आणि अंगाची ऊब तेवढी कळते. एका सकाळी तुळशीबाईनं गवत कापून भारा डोक्यावर घेतला आणि मी तिच्या कानामागे उतरले.

आधी मी कातडी चिरली, मग सोंड आत रोवली. तिला गळासारखे उलटे काटे असतात. भोवती माझीच लाळ वाळून घट्ट बसली. लाळेनं जागा बधिर झाली, रक्तही गोठेना. तुळशीबाईला पत्ता लागला नाही. पण तिनं केसांतून फणी फिरवली, तेव्हा मला पळावंसं वाटलं आणि पळता येईना. माझ्याच तोंडानं मला बांधून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं बोट मला लागलं.

"योगिता, दख बरं, कानमांगे काय शे?"

योगिता तिची मुलगी, शहाद्याला नर्सिंग शिकते. तिनं केस बाजूला केले. "माय, गोचीड शे."

"काडी लाव. आपेआप सुटी जाई."

"नको. चटका बसना ते ती तुन्हाच आंगमा ओकी टाकी."

तिनं चिमट्यानं मला अगदी कातडीलगत धरलं आणि न पिळता, सावकाश, सरळ वर ओढलं. मग बाटलीत टाकून वर तारखेची चिठ्ठी चिकटवली. "ताप उना ते डॉक्टरले दखाडसूत."

माझ्या लाळेत कुणाचा आजार आहे की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी कुठकुठल्या जनावरांचं रक्त प्यायले होते. मला काढल्यावर सहाव्या दिवशी तुळशीबाईला हुडहुडी भरून ताप आला. योगितानं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्या मुठीत मला, आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, चिठ्ठी वाचली आणि लगेच औषध सुरू केलं.

काल तुळशीबाईनं स्वतःहून भाकरी मागितली. योगिता माझ्या बाटलीत आता रॉकेल ओतणार आहे. माझी तक्रार नाही. फक्त, माझी एखादी बहीण तुमच्या अंगावर सापडली तर तिला जाळू नका, पिळू नका, सरळ ओढा. सुटायचं तिलाही असतं, पण सुटता येत नाही.