बिनताकाचा केक

भट्टीवाल्या आजोबांचा हात कधी चुकत नाही, असं बेकरीतले सगळे म्हणायचे. आजोबांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनाही ते खरं वाटायचं. ताकातला केक करावा तर त्यांनीच. बेकरी सुटली तरी रग काही सुटली नव्हती.

पण नातीला दूध चालत नव्हतं. दूध, दही, ताक, लोणी, काहीच नाही. जरासं पोटात गेलं की गळा सुजून श्वास अडकायचा. एकदा तसं झालं, तेव्हापासून लेक पोरीला पाण्याचा पेलासुद्धा आधी हुंगून द्यायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तिचं तरी काय चुकलं?

आता लेकीला दिवसपाळी लागली होती आणि पाळणाघरवाल्या बाईंनी हात वर केले होते. आजोबांचा तर सगळा जीव त्या पोरीत. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. लेकीनेही ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही.

"बाबा, तिला तुमच्याकडेच ठेवायचंय. पण भीती वाटते. हल्ली तुम्ही विसरता."

"मी विसरतो? रविवारी या दोघी. बिनदुधाचा केक खायला घालतो, मग बोल."

बोलून बसले खरे. एरवी ताक नसलं तर कोणाचं अडत नाही. दुधात लिंबू पिळावं, नाहीतर दही पाण्यात घुसळावं. इथे दुधाचंच नाव नको. बदामाच्या दुधात त्यांनी लिंबू पिळलं, तर ते ढिम्म. नारळाच्या दुधाचा केक झाला, तो दाराला टेकण लावायच्या लायकीचा. मग सोयाबीनच्या दुधात चमचाभर व्हिनेगर घालून वाटी बाजूला ठेवली. जरा वेळाने बघतात तर दूध फाटून दाट झालेलं, अगदी ताकासारखं आंबूस. आजोबा स्वयंपाकघरात एकटेच हसले. खायच्या सोड्याला आंबट हवं असतं. ते गाईचं की शेंगेचं, याची चौकशी तो करत नाही.

रविवारी केक असा फुलला की बघत राहावं. नात खुर्चीवर गुडघे टेकून ताटलीला चिकटली. लेकीने सोयाबीनच्या दुधाचं पाकीट उलटसुलट वाचलं, पिठाचं वाचलं, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला. तिने स्वतःच सुरी हातात घेतली.

"साच्याला आतून काय माखलंत?" तिने सहज विचारलं.

तेल, असं आजोबा म्हणणार होते. शब्द ओठांवर येऊन थांबला. तेलाची बाटली ओट्यावर होती. लोण्याची डबीही तिथेच होती, त्यातलं सकाळी त्यांनी स्वतःच्या पावाला लावलं होतं. कागदाचा बोळा साच्याच्या कडेने फिरवलेला त्यांना आठवत होता, जन्मभर फिरवला तसाच. बोळ्याला काय लावलं होतं, ते काही केल्या आठवेना. कचरा तर मघाशीच गाडीत गेला होता. त्यांनी केकच्या कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. गोड लागला. बाकी काही कळलं नाही.

तेल म्हटलं असतं तर पोरगी उद्यापासून इथेच राहिली असती.

"मला आठवत नाही गं," आजोबा म्हणाले.

लेकीने सुरी खाली ठेवली. नातीने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि मुकाट्याने आपली ताटली मागे सरकवली. तिला सवय होती. लेक चिडली असती तर बरं झालं असतं, निदान चार शब्द भांडता आलं असतं. पण ती जवळ आली आणि तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सकाळची गोळी घेतलीत का?"

तेही आजोबांना आठवत नव्हतं.