टँकरसारखी फुस्स

मी एक फाटका व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. बाहेरून पाहाल तर काळा, मूठभर, प्लास्टिकचा. अंगाला दोन तोंडं आणि डोक्यावर बारीक नळी बसवायची एक खुंटी. फाटलंय ते पोटातलं रबर. सध्या एका लाल गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जुन्या रुमालात पडून असतो. फार थकलोय. पण मनातलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय जीव शांत व्हायचा नाही, म्हणून बोलतो.

माझा जन्म कुठल्या तरी थंड देशातल्या कारखान्यात झाला. आई कोण, बाप कोण, ते विचारू नका. साचा होता, त्यातून हजारो भाऊ एकदमच बाहेर पडलो. मला डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, काम साधं आहे. आमच्या गाडीला टर्बो आहे. टर्बो म्हणजे एक भिंगरी. ती बाहेरची हवा ओढते आणि इंजिनात कोंबते, म्हणून गाडी जोरात पळते. पण चालवणाऱ्यानं एकदम पाय काढला की इंजिनाचं दार बंद होतं आणि कोंबलेली हवा मध्येच अडकते. ती उलटी फिरली तर भिंगरीचं वाटोळं. त्या क्षणी मी तोंड उघडायचो आणि ती हवा परत मागच्या नळीत द्यायचो, पुन्हा वापरायला. थेंबभर सांडायची नाही की आवाज व्हायचा नाही.

हैदराबादच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी कितीतरी वर्षं हे काम केलं. कौतुक? छे! बाईंना मी आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याचं मला काही वाटलं नाही. काम नीट चाललं की माणूस विचारत नाही, ही रीतच आहे.

मग गाडी विकली गेली आणि आम्ही लातूरला आलो. नवा मालक निवृत्ती. औश्याकडच्या खेड्यातला, लातूरला टायरचं दुकान, लग्न व्हायचं होतं. राहायला नागुबाई नावाच्या बाईंच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतलेली. पोरगा मनानं सोन्यासारखा, पण गाडीचं वेड असं की भाकरी विसरायचा. आल्या आल्या त्यानं एका माणसाकडून गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून घेतला. ताकद वाढली, तसा हवेचा दाबही वाढला. वाढला तो सगळा माझ्या पोटावर. मी जमेल तेवढं सोसलं आणि एका घाटात रबर टरकन फाटलं. गाडी चढावर धापा टाकायला लागली.

निवृत्तीनं गाडी नांदेडला ईश्वरप्पांकडे नेली. ईश्वरप्पा उदगीरकडचे, पण गॅरेज नांदेडला. त्यांनी मला काढलं, पुसलं आणि डोक्यावरची खुंटी तोंडात धरून हवा ओढली. ओढ टिकेना. फाटक्या पोटातून हवा सरळ त्यांच्या तोंडात येत राहिली.

"पोट फाटलंय याचं. आता लोखंडी पिस्टनचा टाकू," ते म्हणाले. "पर त्यात दोन परकार हायत. एक हवा परत देतो, एक बाहिर सोडतो. बाहिर सोडतो तो वाजतो लई भारी. पन इंजिननं मोजून घेतलेली हवा बाहिर गेली की गाडी काळा धूर सोडल, झटका दिल."

"वाजणाराच टाका, मामा," निवृत्ती म्हणाला. "एवढी गाडी घेतली, लोकांना कळू तर द्या."

"तुझी मर्जी बाबा."

माझ्या जागेवर चकचकीत, निळा, भारदस्त पाहुणा बसला. मला रुमालात गुंडाळून कप्प्यात टाकलं. निवृत्तीनं गाडी पळवली, पाय काढला आणि... फुस्स! काय तो आवाज! निवृत्ती एकटाच खदाखदा हसला. खरं सांगू, मला वाईट वाटलं. जन्मभर गुपचूप राबणाऱ्याकडे कुणी हसून बघितलं नव्हतं.

आता ते साल कुठलं, ते सांगायला हवं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, ते साल. तुमच्या आईबापांना विचारा. नळ कोरडे, बोअर कोरडे, मांजरा नदीच्या धरणात चिखलसुद्धा नाही. आमच्या गल्लीत आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, एक टँकर यायचा. त्याचा ड्रायव्हर लिंबाजी. गल्लीचा आणि लिंबाजीचा एक करार होता. हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न ऐकला की शेजारच्या गल्ल्यांतली माणसंही घागरी घेऊन धावायची आणि डोकी फुटायची. म्हणून लिंबाजी गुपचूप यायचा, गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि हवेचा ब्रेक ओढायचा. फुस्स! तेवढ्यावर बायका बाहेर.

आलं ना लक्षात? आमच्या निळ्या पाहुण्याचा आवाज अगदी तसाच होता. आणि निवृत्ती नेमका गल्लीच्या तोंडाशीच वळताना पाय काढायचा.

पहिल्या दिवशी आम्ही वळलो, फुस्स झालं आणि धडाधड दारं उघडली. घागरी, बादल्या, पिंप, रॉकेलचे जुने डबे! नागुबाई सगळ्यांत पुढे, पदर खोचलेला, हातात नळीचं वेटोळं. मागून त्यांची लेक सिंधु, दिवस भरत आलेले, तीही तांब्या घेऊन निघाली.

"आगं माय, तू कामून उठलीस? बस की गप!" नागुबाई ओरडल्या आणि समोर बघतात तर लाल गाडी.

गल्ली आधी हसली, मग तिनं शिव्या दिल्या. निवृत्ती लाजून म्हणाला, "चुकलं काकू."

नागुबाईंचं सांगतो. त्यांचे मालक कलेक्टर कचेरीत शिपाई. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदलून आले, या माळावर दोन खोल्या बांधल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो लावले. आता मालक राहिले नव्हते. लेक एकच, सिंधु. अर्धापूरकडे दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दुष्काळात कशाला आणता, असं सगळे म्हणाले होते. नागुबाईंनी ऐकलं नाही.

"माझ्या आईनं मला सव्वा महिना जमिनीवर पाय ठेवू दिला न्हवता," त्या निवृत्तीला सांगायच्या. "मी माझ्या लेकीला तसंच करनार. गरम पान्यानं न्हाऊ घालनार, शेक देनार. पानी न्हाई म्हनून लेक परत धाडली, असं कुनी म्हनायला नको."

त्यासाठी त्यांनी एक निळं पिंप राखून ठेवलं होतं. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या, पण त्या पिंपाला हात लावायच्या नाहीत.

आणि आमचे बहाद्दर रोज फुस्स करून राहिले होते! निवृत्ती वचन द्यायचा आणि विसरायचा. एकदा विसरला, दोनदा विसरला. मग बायका दारातूनच डोकावून परत जायला लागल्या, मग डोकावायच्याही बंद झाल्या. "काही न्हाई गं, निवृत्ती आला बोंबलत," एवढंच आतून ऐकू यायचं. एकदा नागुबाई गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "लेकरा, गाडी गल्लीच्या बाहिर बंद कर आन् ढकलत आन. मी हात लावते. पन हा आवाज नको रं." निवृत्ती म्हणाला, "हाव काकू, नांदेडला गेलो की बदलून आणतो." नांदेडला काही त्याचं जाणं झालं नाही.

सिंधुला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली निवृत्तीनंच, याच गाडीतून. कप्प्यात पडल्या पडल्या मी त्या लेकराचं टाहो फोडणं पहिल्यांदा ऐकलं. नागुबाईंनी गल्लीला साखर वाटली. रोज सकाळी चूल पेटायची, पिंपातलं पाणी तापायचं, लेकरू न्हायचं, रडायचं, झोपायचं. पिंप खाली खाली जायला लागलं, पण टँकरचा दिवस जवळ आला होता. सगळी भिस्त त्याच्यावर.

तो दिवस आला. दुपारचं ऊन असं की पत्रा हाताला चटका देईल. दारं-खिडक्या लावून गल्ली आडवी झाली होती. निवृत्ती मोटारसायकलवर दुकानात गेला होता आणि लाल गाडी दारात उभी होती. आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. फुस्स!

मला कळलं. आमचं इंजिन थंड होतं, आम्ही जागचे हललोही नव्हतो. तो लिंबाजी होता!

खिडकीआडून नागुबाईंचा झोपाळू आवाज आला. "आला बग निवृत्ती. लेकरू उठवल आता."

अहो, उठा! बाहेर या! गाडी तर दारात आहे, बघा तरी! मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा संताप आला. लिंबाजी वाट बघत बसला. एक बिडी ओढून संपली. मग टँकर घरघरला आणि पुढच्या गल्लीला निघून गेला. तिकडून घागरींचा आवाज यायला लागला, तेव्हा कुठे आमच्या गल्लीतल्या बायका अनवाणी धावल्या.

"मी बिरेक मारला की ताई," लिंबाजी म्हणत होता. "कुनी आलंच न्हाई. वाटलं, समदे लग्नाला गेले. आता टाकी खाली झाली."

नागुबाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. रस्त्यात पाणी सांडलं होतं, त्या ओलीवर पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि मग घरी आल्या.

निवृत्तीला हे कळलं. त्यानं धावाधाव केली. दुकानाजवळच्या जेमतेम चालणाऱ्या बोअरवरून दोन कॅन आणले, ते सगळ्या गल्लीत वाटले गेले. दुसऱ्या दिवशी तो बोअरही आटला. पिंपाच्या तळाशी तांब्या खरवडायला लागला. बाळाचे कपडे वाळत घालायचे राहिले, कारण धुवायलाच पाणी नव्हतं. सिंधुचे सासरे शेषेराव, भला माणूस, त्यांचा फोन आला. "विहिनबाई, हिकडं हिरीला पानी हाय. राग मानू नका, पन लेकराला घिऊन या."

सव्वा महिन्यातला अर्धासुद्धा झाला नव्हता.

नागुबाईंनी लेकीला बाळंतविडा बांधून दिला, डिंकाचे लाडू दिले, कान बांधले. डोळ्यांतून पाणी काढलं नाही. गाडीच्या दारापाशी एवढंच म्हणाल्या, "माझ्यानं झालं न्हाई गं."

"आई, असं नको ना बोलू," सिंधु म्हणाली आणि लेकरावर पदर ओढून रडली.

लातूरहून अर्धापूरकडे निघालो. तेवढ्या वाटेत निवृत्तीनं एकदाही पाय जोरात दाबला नाही आणि एकदाही झटकन काढला नाही. गतिरोधक आला की कितीतरी आधीपासून हळूहळू गाडी सोडायचा. निळ्या पाहुण्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. अहमदपूर मागे पडल्यावर सिंधुनं आरशात त्याच्याकडे बघितलं.

"दादा, वाजवा की तुमची गाडी. हितं कुनी घागर घेऊन न्हाई येत."

निवृत्तीनं गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडला. बाळ मात्र शांत झोपलं होतं.

सिंधुला पोचवून परतताना तो नांदेडला ईश्वरप्पांकडे थांबला. त्यांनी निळ्याचं उघडं तोंड बंद केलं आणि हवा परत मागच्या नळीत जाईल अशी नळी जोडली. कामाला फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीत वळलो ते बिनआवाजी. नागुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. सकाळी टँकर येऊन गेला होता, लिंबाजीनं वाट वाकडी करून जास्तीची खेप आणली होती. निळं पिंप काठोकाठ भरलेलं, वर फडकं बांधलेलं. निवृत्ती खाली मान घालून समोर उभा राहिला.

"भरलं बग पिंप," नागुबाई म्हणाल्या. "आता कुनाला न्हाऊ घालू?"

मित्रांनो, माझं काही मागणं नाही. माझं रबर शिवता येत नाही, उद्या भंगारात टाकलं तरी चालेल. निळ्या पाहुण्यावरही राग नाही; त्याला जसा बसवला तसा तो वाजला. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, त्यांना हौसेनं नवं काहीबाही बसवाल. जरूर बसवा. फक्त एक करा. तुमच्या हौसेचा आवाज कुणाच्या दारात जाऊन पोचतो, ते एकदा त्या दारात उभं राहून ऐका. आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईनं बॉनेटवर हात ठेवून "नको रं" म्हटलं, तर त्याच दिवशी ऐका.