उपोषणाचा ग्लास

"बिया काढल्या का नीट?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

जानरावांनी मान हलवली. गेली एकतीस वर्षं ते पंचायत समितीत शिपाई होते आणि लिंबाच्या बिया काढायला त्यांना कुणी शिकवावं अशी वेळ अजून आली नव्हती. उलट आधीच्या चार साहेबांना उपोषण कसं सोडवायचं ते जानरावांनीच शिकवलं होतं. ग्लास उजव्या हातात, पत्र डाव्या हातात, तोंड फोटोवाल्याकडे. पाणी कोमट, कारण रिकाम्या पोटाला गार सोसत नाही. साखर बेताची, मीठ चिमूटभर. बी घशात अडकली की माणूस ठसकतो आणि ठसकलेल्या माणसाचा फोटो पेपरात बरा दिसत नाही.

ग्लासही ठरलेला होता. स्टीलचा चालत नाही, फोटोत सरबत दिसलं पाहिजे. म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर एक काचेचा ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असायचा. त्यातून दुसरं कुणी काही प्यायचं नाही, खुद्द साहेबांनीसुद्धा. ऑफिसात त्याला 'उपोषणाचा ग्लास' म्हणत. कुणाचं घरकुल अडलेलं, कुणाच्या गावचा रस्ता कागदावरच डांबरी झालेला, कुणाचा बंधारा फाइलीतच पाणी अडवून बसलेला. माणसं यायची, गेटसमोर मंडप टाकायची, चार-पाच दिवस उपाशी बसायची. मग साहेब लेखी आश्वासनाचं पत्र घेऊन जायचे आणि त्यांच्या मागून जानराव ग्लास घेऊन. शे-सव्वाशे उपोषणं तरी या एका ग्लासावर सुटली असतील. त्यातली कामं किती झाली, हे विचारायच्या भानगडीत जानराव कधी पडले नव्हते. शिपायानं काय काय विचारायचं?

आज मात्र मंडपात त्यांची सख्खी बहीण बसली होती. आजचा पाचवा दिवस.

सिंधूताई भावापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा जानराव चार वर्षांचे होते आणि नऊ वर्षांच्या या पोरीनं चुलीपुढे बसून त्यांना भाकर भरवली होती. तेव्हापासून ते तिला 'बाई' म्हणत. बोरझरीला तिचं लग्न झालं आणि ती तिथलीच झाली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात तिचा नवरा, मोतीराम दाजी, वारले. पाऊस सकाळपासून हटत नव्हता. बोरझरीच्या स्मशानात डोक्यावर झाकण म्हणून आभाळ तेवढं. चौघांनी चार बाजूंनी घरचे पत्रे धरले, त्यांतला एक कोपरा जानरावांच्या हातात होता. तरी चिता विझली. डिझेल ओतलं, टायर आणले, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा धड पेटली तेव्हा दिवस मावळायला आला होता. 

पुढं गावातल्या धम्मदीपनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. शिकवण्या घेणारा पोरगा, कागद वाचायची खोड. उत्तर आलं की बोरझरीचं स्मशानभूमी शेड तीन वर्षांपूर्वीच पूर्ण झालेलं आहे, सोबत फोटो जोडला आहे. फोटोत शेड खरंच होतं, चांगलं निळ्या पत्र्याचं. फक्त त्याच्या मागं पाण्याची उंच टाकी दिसत होती आणि बोरझरीला टाकीच नव्हती. टाकी होती हिवरदऱ्याला. तिथलं शेड दोन्ही गावांच्या फाइलीत उभं होतं, एकात समोरून आणि एकात मागून.

धम्मदीप गावकऱ्यांना घेऊन सव्वीस जानेवारीला बसला. आश्वासन मिळालं. एक मे रोजी पुन्हा बसला. पुन्हा मिळालं. दोन्ही वेळा ग्लास जानरावांनीच नेला होता. "आणा मामा," असं म्हणून पोरगं हसत प्यायलं होतं. तिसऱ्या खेपेला सिंधूताई म्हणाल्या, आता मी बसते, माझ्याच माणसाचे हाल झाले.

"जानराव, आज ग्लास तुम्हीच द्या ताईंच्या हातात," साहेब म्हणाले. "उद्या वरून तपासणीला येणार आहेत, गेटसमोर मंडप दिसता कामा नये. आणि डॉक्टर म्हणतात, त्यांची साखर उतरलीय. तुमच्या हातचं त्या नाही म्हणणार नाहीत."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते जानरावांना झोंबलं. तरी ते "हो साहेब" म्हणाले. एकतीस वर्षं दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. शिवाय बाईनं प्यावं असं त्यांना पोटातून वाटत होतं. पाच दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. निवृत्तीला तीन महिने राहिलेत, तेवढे नीट जावेत, बाई घरी जावी, शेड काय व्हायचं तेव्हा होईल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

सरबत झाकून ठेवून ते पत्र आणायला मंजुश्री मॅडमच्या टेबलाशी गेले. सगळी पत्रं मॅडमच टाइप करत. पत्रावर नुकतीच सही झाली होती. जानराव नववी शिकलेले. आजवर त्यांनी शेकडो पत्रं नेली, वाचलं एकही नव्हतं. आज बहिणीच्या हातात जाणार म्हणून चष्मा लावला.

पहिल्या ओळीत बोरझरी होतं. खाली तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, "मौजे हिवरदरा येथील स्मशानभूमी शेडचे काम अंदाजपत्रकानुसार तात्काळ पूर्ण करण्यात येईल."

त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे हिवरदऱ्याचं झालं."

मंजुश्री मॅडमनी मान वाकडी करून पाहिलं. "अरे हो. जुन्या पत्रावरूनच केलं ना, तिथलं नाव राहिलं. जाऊ द्या काका, साहेबांची सही झालीय. कोण वाचतंय?"

"हिवरदऱ्याचं शेड तं बांधेल हाय."

"मग तर बरंच झालं, काम पूर्णच आहे," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. वाईट बाई नव्हती ती. दुपारचे तीन वाजले होते आणि टेबलावर अजून चाळीस कागद होते. पण जानरावांच्या डोक्यात तिडीक गेली. त्या फाइलीत फोटो हिवरदऱ्याचा, पत्रात नाव हिवरदऱ्याचं, आणि पत्र्याचा कोपरा धरून भिजायला मात्र बोरझरीची माणसं. खोटं बोलायचं तर निदान मन लावून बोला. एवढीही मेहनत यांना जड व्हावी?

त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब फोनवर होते. त्यांनी हातानंच 'चला' अशी खूण केली.

मग सगळे गेटबाहेर निघाले. पुढं साहेब, मागं दोन कारकून, शेवटी ताटलीत ग्लास घेतलेले जानराव. मंडपात बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता. बोरझरीच्या पंधरा-वीस बाया सतरंजीवर बसल्या होत्या आणि मधोमध उशीला टेकून सिंधूताई. रोहिणखेडला दिलेली त्यांची मुलगी सारिका बातमी कळताच येऊन पाय चेपत बसली होती. धम्मदीपनं सगळ्यांना "जय भीम" करून जागा करून दिली. फोटोवाल्यानं मोबाइल सरसावला.

साहेब चांगलं बोलले. प्रशासन तुमच्या पाठीशी आहे, माताभगिनींचे हाल आम्हाला बघवत नाहीत, हे घ्या लेखी आश्वासन. साहेबांनी पत्र सिंधूताईंच्या मांडीवर ठेवलं आणि जानरावांकडे बघून मान डोलावली.

जानराव गुडघ्यावर बसले. ग्लास पुढं केला. बाईनं ग्लास घेतला नाही. पत्र उचललं, उलटं-सुलटं पाहिलं आणि भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"जानू, मले वाचता येत नाई. तू वाचलं काय?"

"हाव, बाई."

"मंग तूच सांग. पिऊ काय मी?"

 जानरावांना एकतीस वर्षांत या आवारात दोनच प्रश्न विचारले गेले होते, साहेब आहेत का आणि चहा कुठं राहिला. आज पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं की तुला काय वाटतं.  समोर बाईचे सुकलेले ओठ होते आणि हातात सरबत होतं, त्यांनी स्वतः कोमट पाण्यात केलेलं. 'पी' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं.

"नको पिऊ," ते म्हणाले. "याच्यात कामाच्या जागी बोरझरीचं नाव नाई. हिवरदऱ्याचं शेड बांधून देतो म्हणून राह्यले. ते पहिलेच बांधेल हाय."

"जानराव!" साहेबांचा आवाज चढला. मग मोबाइल चालू आहे हे लक्षात येऊन त्यांनी आवाज खाली आणला. "टायपिंगची चूक आहे. दुरुस्त करून देऊ."

धम्मदीपनं पत्र हातात घेऊन वाचलं. वाचताना त्याचे कान लाल झाले. "चूक असन तं दुरुस्त करून आणा, साहेब. आमी बसूनच हावो. फक्त येतानी काम कोन्या तारखेले सुरू होईन, तेवढं टाकून आणा."

"तारीख अशी कशी टाकणार? अंदाजपत्रक मंजूर व्हायचंय."

"मंजूर करून, बांधून, फोटो बी काढला ना तुमच्या लोकाईनं तीन साल पहिले," सतरंजीवरून एक म्हातारी म्हणाली, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वळून चालू पडले. कारकून मागं गेले.

जानराव अजून गुडघ्यावरच होते. "बाई, मांगच्या दोन टायमाले बी सरबत म्याच आणलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "ते कागद वाचले नाई म्या. वाचाले पाह्यजे होते. मले लाज वाटून राह्यली."

सिंधूताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात गार होता. "ऊठ," त्या म्हणाल्या. "साहेब गेले ना. तुयी नोकरी हाय अजून."

जानराव उठले. भरलेला ग्लास त्यांनी तसाच झाकला आणि रस्ता ओलांडून परत आणला. उपोषणाचा ग्लास भरलेला परत यायची ही पहिलीच वेळ होती. तो नेमका कुठं ओतायचा हे त्यांना थोडा वेळ सुचलं नाही. शेवटी नळाजवळच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला, ग्लास विसळला आणि टेबलावर पालथा ठेवला. वर्तमानपत्रात गुंडाळला नाही.

साडेचारला मंजुश्री मॅडमनी हाक मारली. त्यांचं तोंड उतरलं होतं. "काका, हे सहीला न्या," एवढंच म्हणाल्या. जानरावांनी कागद घेतला आणि आजपासून लागलेल्या सवयीनं चष्मा लावून वाचला. कारणे दाखवा नोटीस होती. कर्तव्यात कसूर, वरिष्ठांशी गैरवर्तन, आंदोलकांना चिथावणी, तीन दिवसांत लेखी खुलासा. त्यांचं नाव त्यात चार ठिकाणी आलं होतं, आणि चारही ठिकाणी बरोबर होतं. हिवरदरा कुठंच राहिलं नव्हतं.

नोटीस घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी वर न बघता सही केली. मग जानरावांनी ती आवक-जावकच्या टेबलावर नेऊन तिला क्रमांक घातला, गोल शिक्का मारला. मग टपालाची वही काढली. गावातली पत्रं वाटायचं काम त्यांचंच होतं. वहीत तारीख, क्रमांक, ज्याला द्यायचं त्याचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. त्यांनी स्वच्छ अक्षरात सगळं भरलं, वही नेहमीसारखी उलटी करून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवली, आणि मग टेबलाला वळसा घालून घेणाऱ्याच्या त्या खुर्चीत बसले. सही केली. उठून परत आपल्या बाजूला आले आणि वही बंद केली. मंजुश्री मॅडम बघत होत्या. मॅडमनी आपला चष्मा काढून पुसला.

साडेपाचला ऑफिस सुटलं. चिखलीची एसटी गेटसमोर थांबून निघून गेली. जानरावांच्या घरची वाट त्याच बाजूला होती, पण ते रस्ता ओलांडून मंडपात आले. बाईच्या हाताला सलाइनची पट्टी होती, डॉक्टर येऊन गेले होते. भावाच्या खिशातला कागद तिनं लगेच हेरला.

"नोटीस देली काय रे?"

"हाव. खुलासा मांगतला."

"काय लिवशीन?"

जानरावांनी जरा विचार केला. "लिवतो ना. पाणी कोमट होतं, साखर बरोबर होती, बिया काढेल होत्या. कागद तेवढा चूक होता."

सिंधूताई हसल्या, पाच दिवसांत पहिल्यांदा. हसताना त्यांना धाप लागली. सारिकानं पाठीवरून हात फिरवला. मग भावाच्या हातातल्या डब्याकडे त्यांची नजर गेली. सकाळी घरून निघालेला डबा, जसाच्या तसा जड.

"जेवला काऊन नाई बे?"

"जेवलो ना."

चार वर्षांचा होता तेव्हापासूनचं याचं खोटं बाईला कळत होतं. ती सतरंजीवर जरा सरकली. जानरावांनी चपला बाहेर काढल्या, डबा पाठीमागं ठेवला आणि तिच्या शेजारी बसले.