बाळंतघराचा वास

हार्मेनबुवाने पाण्याच्या ग्लासात तीन थेंब टाकले आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. चर्चमागच्या सभागृहात बसलेलं उत्तर युरोपातलं ते अख्खं फ्रीसियन खेडं थक्क झालं. बुवाने ग्लासावर लाल लेझर धरला, तर आत झगझगीत रेघ उमटली.

"या चरबीच्या जिवंत पिशव्या. प्या, की औषध घेऊन थेट गाठीपर्यंत जातात. सुई नको, इस्पितळ नको."

बडीशेपेचा वास दरवळला. त्या मुलुखात मूल जन्मलं की टोस्टवर साखरेतली बडीशेप घालून घरोघरी वाटतात. त्या वासाने बायकांचे डोळे पाणावले.

"जन्माचा वास येतोय गं," सीत्स्के बहिणीला म्हणाली. तिच्या स्तनात कर्करोगाची गाठ होती. गुरुवारी केमोचं तिसरं सलाईन होतं. त्यातलं लाल औषध अशाच सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. पण सकाळपासून तिने हट्ट धरला होता, की आता थेंबच घेणार.

थोरली येल्त्ये धुमसत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तिने त्या पिशव्या बनवल्या होत्या, आणि हा भामटा तिच्याच कामाचं नाव चोरून तिच्या बहिणीला मारायला निघाला होता. ती तडक उठली, सभागृहाच्याच कपाटातून बडीशेपेची दारू काढली आणि दुसऱ्या ग्लासात ओतली. पाणी पांढरं झालं. बुवाचाच लेझर धरला, तशीच रेघ.

"यात पिशवी एकही नाही," ती म्हणाली. "बडीशेपेचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. पाणी लागलं की तेलाचे बारीक कण सुटतात आणि उजेडात चमकतात. पातळ दुधातही रेघ दिसेल."

आपल्या थेंबांची शक्ती वेगळी आहे, असं बुवा म्हणाला. येल्त्येने त्याला पाठ फिरवायला लावली आणि रुमालाखाली ग्लासांची अदलाबदल केली.

"ओळखा तुमचा."

बुवाने दोन्ही ग्लास बराच वेळ हुंगले. "माझ्या सान्निध्याने दोन्हींत शक्ती उतरली आहे."

सभागृह खो खो हसलं. सीत्स्के हसली नाही.

"पण सलाईननंतर मला फार त्रास होतो गं."

येल्त्येचा राग तिथेच विरला. ती बहिणीजवळ बसली. "होतो. ते मी नाकारत नाही. पण तुझं औषध हजारो जणींवर तपासलंय. फसलं तिथे फसलं असं लिहिलंय. याने काय तपासलं, ते विचार."

वास नाकाला पटतो, गाठीला पटत नाही. कुणी चमत्कार दाखवला, की हात जोडण्याआधी दुसरा ग्लास मागावा.

गुरुवारी लाल थेंब नळीतून उतरू लागले. सीत्स्केने नाक पुढे केलं.

"याला कसलाच वास नाही."

"नाही," येल्त्ये म्हणाली. "औषध आहे ते."