बिनविरोध

“मंग आमना खासदार राज्यसभाना शे का?” मंगलाबाईंनी विचारलं, आणि जावयाच्या बशीतला चहा हिंदकळला.

योगराजला असे प्रश्न फार आवडत. कापड मार्केटात पार्सलांच्या पावत्या फाडण्यात आपलं ज्ञान वाया जातं, असं त्याचं जुनं दुःख होतं. आज उधन्यात मतदान, म्हणून सुट्टी. त्यात आखाजीला, म्हणजे खानदेशी अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला सासूबाई कतारगामहून आलेल्या. असा श्रोता पुन्हा मिळणार नव्हता.

मंगलाबाईंचं दुखणं खरं होतं. कतारगाम सुरत मतदारसंघात. तिथे कुणाचा अर्ज बाद झाला, कुणी मागे घेतला, उरला तो एकच उमेदवार आणि तो बिनविरोध निवडून आला. त्यामुळे मतदानच नाही. उधना त्याच शहरात, पण नवसारी मतदारसंघात, म्हणून इथे सकाळपासून रांगा. नवरा गेल्यापासून मंगलाबाई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत. एरवी त्यांना कोणी काही विचारत नसे, पण मतदानाचा दिवस त्यांचा असे; डाव्या बोटावरची शाई त्या पुढे आठवडाभर मिरवत. एका निवडणुकीत ज्यांच्या साड्या त्या करत ते शेठच रांगेत मध्ये घुसायला लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, “शेठ, लाइन पाछळ छे.” शेठ मुकाट्याने मागे गेले होते.

योगराजने बशी खाली ठेवली आणि सविस्तर समजावलं. लोकसभेला आपण मत देतो. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, आपला तिथे संबंध नाही. सासूबाईंचा खासदार लोकसभेचाच.

“आम्हीन मत दिधं नही, तरी तो निवडी उना,” मंगलाबाई म्हणाल्या. “मंग फरक काय?”

फरक मोठा आहे, असं म्हणून योगराज सरसावून बसला. लोकसभा पाच वर्षांची, मुदतीआधीही बरखास्त होऊ शकते. राज्यसभेचा खासदार सहा वर्षांचा. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, तेवढे नवे येतात, पण सभागृह काही बरखास्त होत नाही. ते कायमचं.

“आपण निवडेल नही, आनि बरखास्त बी होत नही,” मंगलाबाईंनी सावकाश उजळणी केली. त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली. तिथे त्यांच्या विहीणबाई, योगराजची आई शोभाबाई, खापरावर मांडे टाकत होत्या. शेजारी पुरण घोटणारी योगराजची बायको सुषमा तोंड फिरवून हसली.

“माले आयकू येस, ईहीणबाई,” आतून आवाज आला.

आईला वाचवण्यासाठी योगराज घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर गेला. पैशाचं बिल असेल तर राज्यसभेचं फारसं चालत नाही. चौदा दिवस ठेवून घ्यायचं, सूचना करायच्या आणि परत पाठवायचं. त्या सूचना ऐकायच्या की नाही, ते लोकसभा ठरवते.

मंगलाबाईंनी पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं. शोभाबाईंच्या कमरेला कपाटाची किल्ली होती. या घरात कोथिंबिरीची जुडीही त्यांना विचारल्याशिवाय येत नसे. मंगलाबाईंच्या घरी त्यांचा भूपेंद्र एम्ब्रॉयडरी मशीनवर कमवायचा. गेल्या दिवाळीला त्याने आईला समोर बसवून विचारलं होतं, काय घ्यायचं. घरीच पीठ दळायला घरघंटी घे, त्या म्हणाल्या होत्या. त्याने मान डोलवून सगळं ऐकून घेतलं होतं. मग सोफा आला. त्या अजून खालीच बसत.

“मंग राज्यसभा ईहीणबाई नही,” त्या म्हणाल्या. “राज्यसभा मीच शे.”

योगराजने खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

शोभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मतदानाला जायचं आहे आणि गुडघा दुखतो, तेव्हा ईहीणबाईंनी सोबत यावं, असं त्यांनी सांगून टाकलं. योगराज मोटरसायकलची चावी शोधू लागला, तर त्याला मांड्यांवर लक्ष ठेवायला बसवलं.

शाळेपर्यंतच्या वाटेत शोभाबाईंनी, चारचौघांत राज्यसभा म्हटल्याबद्दल विहिणीची चांगली हजेरी घेतली. रांगेत उभं राहिल्यावर मात्र आवाज खाली आणून विचारलं, तुमच्याकडे मतदान असतं तर कोणाला दिलं असतं?

“ते मी त्यास्ले बी कधी सांगं नही,” मंगलाबाई म्हणाल्या. नवऱ्याने दर निवडणुकीला विचारून पाहिलं होतं, बिचाऱ्याने. दोघी इतक्या हसल्या की पुढची माणसं वळून पाहू लागली.

दाराशी पोलिसाने मंगलाबाईंना अडवलं. त्यांचं नाव या यादीत नव्हतं. त्याने सावलीतली खुर्ची दाखवली. रांगेतल्या एकीने विचारलं, मावशी, झालं का मतदान?

“आमना खासदार तुमना पहिलेच निवडी उना,” मंगलाबाईंनी ताठ बसून सांगितलं.

थोड्या वेळाने शोभाबाई बाहेर आल्या. डावा हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतला होता.

“हात भाजना का मांडासवर?” मंगलाबाईंनी विचारलं.

“काही नही,” शोभाबाई म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरायला आधार म्हणून उजवा हात पुढे केला. मंगलाबाईंनी तो धरला. घर येईपर्यंत शोभाबाईंनी डावा हात पदराबाहेर काढला नाही.