थांबायची राहिलेली कपात

अहल्याचं तेरावं झालं आणि पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो. त्याच दिवशी मला कळलं की दोन वर्षं माझ्या पगारातून पैसे उगाच जात होते.

मी गेलो होतो वेगळ्याच कामाला. प्रॉव्हिडंट फंडाला नॉमिनी म्हणून बायकोचं, अहल्याचं नाव होतं. ते बदलायचं होतं. ऑफिसातल्या निरुपमाबेननी फॉर्म काढून दिला, कॉम्प्युटरवर माझं नाव उघडलं आणि विचारलं, "मुकुंदभाई, तुमची मुलगी केवढी झाली आता?"

"वीस पुरी झाली."

"तो आ कपात केम चालू छे?"

मी म्हटलं, कुठली कपात अजून चालू आहे?

माझा पहिल्या बायकोशी, नयनाशी, घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने हुकूम दिला होता. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिची पोटगी कंपनीने माझ्या पगारातून कापायची आणि परस्पर नयनाच्या खात्यात भरायची. मधे पगाराचा कॉम्प्युटर बदलला. त्यात शेवटची तारीख चढवायची राहिली. मुलगी अठराची झाली, कपात चालूच राहिली.

मला कळलं नाही, कारण बँकेचं सगळं अहल्या बघायची. आणि लग्नाआधीच मी तिला सांगून ठेवलं होतं, "ते पैसे आपले नाहीत असं समज. त्याबद्दल मला कधी विचारू नकोस." तिने कधी विचारलं नाही. शेवटच्या वर्षी औषधांसाठी पाटल्या मोडल्या, तेव्हाही नाही.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "काळजी करू नका. नयनाबेनना वकिलाची नोटीस पाठवतो. जादा पैसे त्या परत करतील."

"चूक तुमची, साहेब. पैसे तुम्ही द्या."

"आम्ही घेतले का? ज्यांनी घेतले ते देतील. या आठवड्यात नोटीस निघेल."

पैसे मला हवे होते. दवाखान्याचं देणं बाकी होतं. पण नोटीस त्या घरी जायला नको होती, कारण तिथे माझी मुलगी वसुंधरा राहते. ती अहल्याच्या तेराव्याला आली होती. कित्येक वर्षांनी माझ्या घरात पाऊल टाकलं तिने. न सांगता पदर खोचून पंगतीत वाढायला लागली. निघताना म्हणाली, "बाबा, कोर्टाची सक्ती नव्हती तरी तुम्ही पाठवत राहिलात. आईने सांगितलं मला." ती काय म्हणतेय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी नुसती मान हलवली.

आता अर्थ लागला. ती आली होती त्या पैशांमुळे.

मी ठरवलं, नोटिशीच्या आधी आपण पोचायचं. खंडेराव मार्केटातून चिकू घेतले आणि करजणची एसटी पकडली. नयना तिथे शाळेत शिकवते. दार तिनेच उघडलं, मागे वसुंधरा होती. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"ते पैसे मी पाठवत नव्हतो. कंपनीच्या चुकीने जात होते. मला माहीतच नव्हतं."

नयना हसली. "तरीच! मी म्हणते, हा माणूस एवढा सुधारला कधी?"

वसुंधरा हसली नाही. "म्हणजे मी खोट्यावर आले तुमच्याकडे?"

"आलीस त्यात खोटं काही नाही. पण मान हलवून मी ज्याचं श्रेय घेतलं ते माझं नव्हतं."

"आता परत पाहिजेत पैसे?"

"पाहिजेत. कंपनीकडून. तुमच्याकडून एक रुपया नको. नोटीस आली तर लिहा, पैसे मुलीच्या शिक्षणात गेले, चूक कंपनीची आहे."

"येऊ दे नोटीस," नयना म्हणाली. "मी सातवीचा वर्ग आवरते, वकिलाचं काय घेऊन बसलात? बसा, चहा टाकते. की त्याचेही कापून घ्याल?"

वसुंधरा एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "तुम्हाला माहीत असतं तर दिले असते?"

घरात तेव्हा आजारपण होतं. मी म्हटलं, "बहुतेक नसते दिले."

ती म्हणाली, "बरं. यापुढे काही द्याल ते कळून द्या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर खुर्ची ओढून बसलो. "खुशाल पाठवा नोटीस. त्यांचं उत्तर तयार आहे. हुकुमात तारीख आहे आणि हुकूम तुमच्या कपाटात आहे. मी लेबर ऑफिसात जातो, तिथे हेच सांगेन." माझा आवाज चढला नाही. चढवायची गरज नव्हती. साहेबांनी निरुपमाबेनना फाइल आणायला सांगितली, वाचली, आणि चष्मा काढून म्हणाले, "मुकुंदभाई, एकदम नाही जमणार. हप्त्याने चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. तुम्हीही हप्त्यानेच घेतलेत."

निरुपमाबेन फाइलमागे तोंड लपवून हसल्या.

नोटीस गेली नाही. कपात थांबली. पहिले हप्ते पगारात आले त्यातून दवाखान्याचं देणं फेडलं. पुढचेही येतील, त्याबद्दल मला शंका नाही. वसुंधराचा मधे फोन आला. चिकू गोड निघाले म्हणाली. मी हरणीच्या घरी कधी असतो ते तिने विचारलं. येते म्हणाली नाही, पण विचारलं.

परवा निरुपमाबेननी कँटीनमध्ये गाठलं. "अहो, ज्या कामाला आला होतात ते तर राहिलंच."

फॉर्म घरी टेबलावर आहे. वसुंधराचं नाव लिहायचं आहे, पण आधी तिला विचारायचं आहे, आणि मी विचारलेलं नाही. नॉमिनी म्हणून अजून अहल्याचंच नाव आहे.