कावेरीबाईची मान

भोकरच्या कावेरीबाईचं डोकं बारा वर्षं दुखत होतं. शाळेचे गणवेश शिवून शिवून मान आखडली होती. डोक्याला फडकं करकचून बांधून ती मशीनवर बसायची. नवरा वैजनाथ एसटी डेपोत मिस्त्री. "तुझं रोजचंच हाय," म्हणत तो डबा उचलून निघायचा. माणूस वाईट नव्हता. ऐकून ऐकून त्याला काही वाटेनासं झालं होतं.

रिटायर होऊन घरी बसला, तेव्हा कुठं त्याला दिसलं. भर दुपारी बायको भिंतीला कपाळ टेकून उभी होती. दुसऱ्या दिवशीच तो तिला नांदेडला घेऊन गेला. तपासण्या झाल्या, मेंदूत काही निघालं नाही. डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या कहकशां मॅडमकडं पाठवलं.

"मावशी, दुखणं मानेत आहे. तिथून डोक्यात चढतंय," मॅडम म्हणाल्या. कवटीच्या खाली बोटं टेकवून त्या कितीतरी वेळ हलकेच दाबत राहिल्या. मग वैजनाथकडं वळल्या. "काका, बघून घ्या. घरी रोज दहा मिनिटं तुम्हीच करायचं."

"मी? माझे हात नटबोल्टावर पाने फिरवायचे, मॅडम."

"म्हणूनच सांगते, हळू."

मग रोज संध्याकाळी कावेरीबाई चटईवर आडवी व्हायची आणि तो उशाशी बसायचा. आधी हनुवटी मागं ओढायचा व्यायाम, दहा वेळा. त्यात तिचं तोंड असं व्हायचं की दोघंही हसत सुटायची. मग तिचं डोकं तो ओंजळीत घ्यायचा. महिनाभरात फडकं सुटलं. एकदा डोळे मिटूनच ती म्हणाली, "तुमच्या हाताला एवढा गुण हाय, मला ठावंच नव्हतं." तो आणखीच हळू दाबत राहिला.

सातव्या आठवड्यात, सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं संपलं होतं.

तेरावं उरकल्यावर वैजनाथ नांदेडला आला. तिला त्या दिवशीची तारीख दिलेली होती. नाव पुकारलं तसा तो एकटाच आत गेला.

"मावशी बाहेर बसल्यात का, काका?"

"तिचं डोकं दुखायचं थांबलं होतं, मॅडम," तो उभ्यानंच म्हणाला. "लई बरं वाटून ऱ्हायलं होतं तिला. तेवढं सांगावं म्हणून आलो."

त्याचं मुंडण केलेलं डोकं बघून मॅडमना कळलं. त्यांनी त्याला हाताला धरून बसवलं.

"धा मिनिटांचं तर काम होतं," तो म्हणाला. "तिनं कधी मागितलं न्हाई, आन् मी बारा वर्षं हातसुदिक लावला न्हाई."

आणि तो तोंडावर पंचा दाबून रडायला लागला. बाहेर पेशंट ताटकळले होते. मॅडमनी उठून दार लोटलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिल्या.